दिवसाची झोप

"माल बोगस आहे!" स्वयंपाकघरातल्या खिडकीचा पल्ला उचलून धरत तेजराम म्हणाला. खिडकी दुहेरी काचेची, आवाज अडवणारी. पण बिजागऱ्या झिजून पल्ला लोंबला होता आणि फटीतून जानेवारीचा वारा थेट त्याच्या पलंगापर्यंत पोचत होता.

"हौ," जया कुजबुजली. घरात ती कुजबुजूनच बोलायची.

तेजरामचा जन्म पोलाद कारखान्यात, रेल मिलच्या नाइट शिफ्टमध्ये गेला. तो दिवसा झोपे तेव्हा घरातली पोरंही खुणांनी भांडत. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, दिवसाची झोप सुटली नाही. वैशाली नगरातल्या घराला त्याने दुहेरी काचा बसवल्या, कारण रस्त्यावरची माणसं कुजबुजायला तयार नव्हती.

सुपेल्याच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने जुनी बिजागरी बोटांत फिरवली. "अंकल, इसपे रोज कोई लटकता है क्या?"

"हमारे यहाँ खिड़की कोई खोलताच नहीं," तेजरामने बाणेदारपणे सांगितलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीसोबतच बसवलेली बेडरूमची खिडकी अजून नवीकोरी होती. तरी दोष मालाचाच, असं त्याने ठरवून टाकलं.

दुपारी पल्ला काढून तो ओट्याखाली सांडलेले स्क्रू शोधत होता, तोच समोरच्या घरातून हाक आली.

"जयाबाई! घोरून राहिलं का वो तुमचं इंजिन?"

तेजराम उठून उभा राहिला. समोरच्या अन्नपूर्णाबाईंच्या हातातली मेथी हातातच राहिली.

"आज बंद आहे वाटते," त्या पुटपुटल्या आणि आत पळाल्या.

तेजराम वळला. जया दारात उभी होती.

"दोघी रोज बोलता?"

"तुमी झोपले का मंग. पल्ल्यावर भार देऊन बाहेर वाकते मी. म्हंजे आवाज बाहेरच रायते." ती ओशाळली. "मीच बिघडवली जी खिडकी."

"मले कावून नाही सांगतलं?"

"तुमी झोपून राहत होते."

हे तिने टोमण्यासारखं म्हटलं असतं, तर त्याला भांडता आलं असतं.

त्याने नव्या बिजागऱ्या कसल्या. पल्ला बोटाच्या धक्क्याने चपखल बसला, वारा थांबला. खरं तर इथे समाधान वाटायला हवं होतं. एखाद्याचं तोंड दाबल्यासारखं वाटलं.

"आता घरातच बोल," तो म्हणाला. "मोठ्यानं. मी जागा आहो."

"काय बोलू?"

"अन्नपूर्णाबाईले सांगतं ते."

जयाने तोंड उघडलं. कुजबुज निघाली. ती खाकरली, पदर सारखा करून पुन्हा बोलली. पुन्हा कुजबुजच.

"जमन हळूहळू," ती त्यालाच धीर देत म्हणाली.

तेजरामने खिडकी सताड उघडून दिली. मग बाहेर आला, मागे दार ओढून घेतलं आणि पायरीवर उन्हात बसला. "इंजिन बाहेर बसलं आहे, आता बोल," तो तिथूनच म्हणाला.