काळ्याची पाटी

सोड्याचं माप हातात धरून रंगारी लाल रंगाच्या हंड्यासमोर उभा राहिला आणि मीठ आधी घालायचं की सोडा, तेच त्याला आठवेना.

आजारपणातून उठून कारखान्यात आल्याचा हा पहिला दिवस. मेंदूच्या झटक्यातून हातपाय वाचले होते, पण जन्मभराची विद्या जागोजागी पुसली गेली होती. जमलं नाही तर उद्यापासून घरी खिडकीत बसायचं, हे त्याचं त्यानंच ठरवून टाकलं होतं. शेजारी सून दांड्यानं कापड ढवळत होती. तिला विचारायला जीभ रेटेना.

"बाबा, समोर पाटी आहे," ती मान वर न करता म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून ती या पाट्यांच्या मागे लागली होती. कुठल्या रंगाला काय, किती, कशानंतर, सगळं विचारून लिहायची. "मी काय मरायला टेकलोय?" म्हणून तो खेकसायचा, आणि खेकसता खेकसता सांगून जायचा. लिहिताना तिनं त्याचं खेकसणंसुद्धा गाळलं नव्हतं. त्यानं पाटी वाचली.

'आधी मीठ. रंग कापडात मुरू दे, मगच सोडा. घाई केलीस तर ठिपके पडतील, मग ठिपक्यांचं दुकान काढ.'

तो मोठ्यानं हसला.

"हे मी म्हणालो होतो?"

"म्हणाला नव्हतात, ओरडला होतात."

लाल जमला. पिवळाही जमला. स्वतःच्याच शिव्या खात तो दुपारपर्यंत एकेक हंडा उतरवत गेला. या पोरीनं आपलं डोकं जपून ठेवलं, नाहीतर आपण कुठले, असं वाटून त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं वाफेचं निमित्त करून ते पुसले.

मग नाट्यगृहाच्या पडद्याचं कापड आलं. काळं करायचं होतं.

काळा त्यानं कुणालाच सांगितला नव्हता. काळा करायच्या वेळी तो सुनेला काही ना काही काम काढून बाहेर पिटाळायचा. आता मात्र तो स्टुलावर बसला, तिला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "लिहून घे." ती पेन्सिल घेऊन बसली. त्याचे ओठ हलत राहिले, शब्द येईनात.

"गेला गं," तो शेवटी म्हणाला. "काळा गेला."

ती उठली आणि दारामागून एक पाटी घेऊन आली. तिच्यावर काळ्या चिंध्या ओळीनं टाचल्या होत्या. एकीखाली 'हिरवट', दुसरीखाली 'धुतल्यावर फिका', तिसरीखाली 'पुन्हा हिरवट, लाल वाढवायचा'. पाटीभर चुका, तारीखवार. शेवटच्या चिंधीखाली फक्त 'हा'.

"तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा करत बसायचे," ती म्हणाली.

चिंधी घेऊन तो उन्हात गेला. आतून, बाहेरून पाहिली, ओल्या बोटानं घासली.

"हा माझा नाही."

"नाही. तुमचा नाहीच जमला."

"माझ्या काळ्याला उन्हात तांबूस झाक यायची."

"हो. गिऱ्हाइकं म्हणायची."

"मला कधी कुणी बोललं नाही!"

"तुम्हाला कोण बोलणार, बाबा?"

तो चिंधी घेऊन आत आला. मग त्यानं बाह्या वर सरकवल्या, रिकामं माप उचललं आणि हंड्यापाशी जाऊन उभा राहिला.

"सांग, आधी काय घालू?" तो म्हणाला. "पण सावकाश सांग. या रंगात मी नवा आहे."