समोरून बरोबर

"बराबर आहे ना, म्याडम?" शामकलानं विचारलं.

बरोबर होतं. अंगणातल्या सतरंजीवर शामकलाशेजारी मी, तोंडावर मास्क. समोर दोन हात अंतरावर तिची प्रेरणा. मध्ये पाटी. पाटीवर क, घ, प, ल, चारही रेखीव. पहिलीतली पोर, शाळेत एक दिवसही न बसलेली. जूनपासून जानेवारी आला, करोनानं शाळा बंदच. मी कुडव्याच्या घरातून तिच्या आईच्या मोबाइलवर रोज एक अक्षर पाठवत आले होते. आज पडताळणीसाठी सालेकशाकडच्या या गावात, पहिल्यांदाच समोरासमोर.

"शाबास," म्हणत मी उठले आणि पाठीवर हात ठेवायला प्रेरणाच्या मागे गेले.

तिथून पाटीवर एकही अक्षर नव्हतं.

नाही, असं सांगून कळायचं नाही. अक्षरं होती. डोक्यावर उभी होती.

समोर येऊन बसले. बरोबर. परत मागे गेले. उलटी.

"काऊन येरझाऱ्या मारून राहिल्या, म्याडम? मुंग्या आहेत का तिथं?"

"प्रेरणा, म काढ बाळा."

तिनं आधी आपल्या पोटाशी आडवी रेघ मारली. मग त्या रेघेवर म उभा केला, पाय आभाळाकडे.

"असा कोणी शिकवला?"

"मायनं," ती म्हणाली. "म असाच राह्यते."

मोबाइलवरचे जुने निरोप उघडले. १७ ऑगस्ट. फोटो : प. माझं उत्तर : तीन तारे.

३ ऑक्टोबर. फोटो : ल. सोबत शामकलाचा आवाज, "घरी रेंज नाई म्याडम, बांधावर येऊन पाठवून राहिलो." माझं उत्तर : पाच तारे, टाळ्या.

९ डिसेंबर. फोटो : घ. माझं उत्तर : पाच तारे. गटावर सगळ्यांना, "प्रेरणासारखं अक्षर काढा."

फोटो आईनं काढलेले. आईच्या बाजूनं.

"संध्याकाळी मी तांदूर निवडतो," शामकला सांगत होती. आताही सूप मांडीवरच होतं. "ते समोर बसते. मी इकडूनच हात लांबवून पाटीवर लिवून देतो, ते खाली तसंच काढते. मोबाइल काई तिच्या हातात देत नाई, पाडते. पुस्तक मायाजवर."

"आणि तुम्हाला..."

"मले त बराबरच दिसे."

मलाही. आठ महिने.

मी पाटी उचलून तिच्यासमोर उलटी धरली. तिनं पाहिलं. सुपातला हात थांबला.

"चवथी शिकली मी," ती हळू म्हणाली. "म्हटलं, येवढं त जमन." मग, "सारं वाया गेलं का? आता इले पहिलीतच ठेवान?"

"ठेवत नाही कोणाला," मी म्हणाले. तिनं विचारलं त्यातल्या निम्म्याचंच ते उत्तर होतं.

माझ्या मोबाइलवर माहिती भरायची होती. विद्यार्थ्यास अक्षरे लिहिता येतात : होय / नाही. होय दाबलं. कुठल्या बाजूनं? नाही दाबलं. पाटीकडे पाहिलं. परत होय. तिसरा रकाना कोणी ठेवलाच नव्हता. दोष कुणाच्या नावापुढे लिहायचा, तेही कळेना. तारे माझे होते.

"शामकलाबाई, तिच्या शेजारी बसून पाहा जरा," एवढंच सुचलं. पाटी परत पहिल्यासारखी खाली ठेवली.

तिनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि पोरीच्या शेजारी येऊन बसली. मान वाकवून पाटीकडे पाहिलं.

"इकडून असं दिसे तुले?"

माय या बाजूला आली तशी प्रेरणा गोंधळली. अभ्यासाला समोर बसायचं असतं. ती उठली, सतरंजीला वळसा घालून मायच्या जागी जाऊन बसली, आणि पाटीवर वाकली. क, घ, प, ल, म, सगळी सरळ, तिच्यासाठी परकी.

"हे कोणं लिवलन?" तिनं विचारलं.

"तूच," शामकला म्हणाली, आणि सतरंजीवरची आपल्या शेजारची जागा तळहातानं झाडून साफ केली.