चार ते सहा नंबरची पानं

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. फाइलीनं पोटात ठेवायचं, ओठांवर आणायचं नाही. पण आज राहवत नाही, म्हणून बोलतेय.

मी एक फाइल. खाकी पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, हिरव्या नाडीची. माझे मालक श्यामकांत दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणायची नाही, हा त्यांचा नियम. म्हणून मला त्यांनी करोल बागेतल्या दुकानातून विकत आणलं आणि माझ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कु. वृंदा : शाळा'. वृंदा त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती केजीत होती.

दर वर्षी निकाल लागला की प्रगतिपुस्तक माझ्यात यायचं. श्यामकांत ते नाडीत ओवायचे आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं नंबर घालायचे. केजीला एक, पहिलीला दोन, दुसरीला तीन. "नंबर पडला की कागद पक्का झाला," ते म्हणायचे. मला तेव्हा फार ऐट वाटायची.

तिसरीपासून शेरे बदलले. गुण चांगले, पण खाली बाईंनी लिहिलेलं, 'हुशार आहे, पण जागेवर बसत नाही. काम अर्धवट टाकते. वही रोज विसरते.' चौथीत तेच, पाचवीत तेच. बाई तेवढ्या वेगळ्या.

ते दिवस नव्या हवेचे होते. टीव्हीवर नवे चॅनेल आले होते, शेजारची मुलं बड्या खाजगी शाळांत जायला लागली होती. वृंदाचीही तशाच एका शाळेत मुलाखत ठरली. आदल्या संध्याकाळी श्यामकांतनी माझी नाडी सोडली आणि चार, पाच आणि सहा नंबरची पानं काढून रद्दीत ठेवली.

"अहो, ही कशाला काढताय?" चंद्रप्रभाबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, विचारलं.

"वाईट शेरा एकदा फाइलीत बसला की जन्मभर पाठ सोडत नाही. ऑफिसात रोज बघतो मी."

सकाळी कबाडीवाला रद्दी घेऊन गेला. वृंदाला प्रवेश मिळाला आणि सहावीच्या प्रगतिपुस्तकावर सात नंबर पडला. मागचे नंबर खोडून नवे घालणं श्यामकांतना जमलं नसतं. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

शेरे माझ्यातून गेले. पोरीतून कसे जाणार? पुढे घरात तिला 'वेंधळी' म्हणायचे, मग 'आळशी'. ती तेही हसून घ्यायची. मी मात्र नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये पलंगाच्या पेटीत, रजयांखाली पडून राहिले.

बऱ्याच वर्षांनी मला उजेड दिसला तो वृंदाच्याच हातात. एकतीस वर्षांची झाली होती. गुडगावला तिसरी नोकरी, आणि तिथंही साहेबांनी बजावलेलं, तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर नमस्कार. एका मैत्रिणीनं तिला सांगितलं होतं, हा आळस नसेल, एडीएचडी असेल, लहानपणापासूनच लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, तपासून घे. तपासणीत तसं निघालं तर औषध मिळालं असतं, ऑफिसातही कागद दाखवता आला असता.

"अठरा हजार?" श्यामकांत म्हणाले. "नुसते प्रश्न विचारायचे?"

"माझ्या पगारातून देतेय, बाबा."

"अहो, तुमच्या सरकारी आरोग्य कार्डावर नाही का होणार?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"आई, मी कमावते. कमावत्या मुलीचं नाव कार्डावर कुठलं? आणि सरकारी दवाखान्यात चार महिन्यांनंतरची तारीख आहे. माझ्याकडे तीनच आहेत."

तीन वेळा जावं लागलं. दर वेळी अर्धी रजा, दर वेळी साहेबांचा चेहरा. डॉक्टरीणबाईंना लहानपणाचा पुरावा हवा होता, म्हणून शेवटच्या वेळी मीही गेले आणि श्यामकांतही आले. बाईंनी मला चाळलं. 'आनंदी मुलगी', 'उत्तम', 'छान प्रगती'.

"लहानपणी कशी होती?" त्यांनी विचारलं.

"बिल्कुल गुणी," श्यामकांत ताठ बसून म्हणाले. "कधी तक्रार आली नाही."

बापानं लेकीची बाजू घेतली होती. रिपोर्टात आलं, पुरावा अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही. जुने कागद मिळाले तर पुन्हा या, फी वेगळी पडेल.

"राहू दे यार," वृंदा घरी येऊन जमिनीवर बसली. "बाबा म्हणतात तेच खरं असेल. आळशीच असेन मी." आणि उगाच माझी पानं उलटू लागली. एक, दोन, तीन. मग सात.

"बाबा, चार ते सहा कुठं आहेत?"

श्यामकांतनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सगळं सांगितलं. वृंदा चिडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्या वाक्यानं ते खचले. मीही खचले, कारण माहीत मलाही होतं.

आज सकाळी ते टेबलाशी बसले. कोऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं चार लिहिलं. खाली, 'मूळ कागद उपलब्ध नाही. मजकूर स्मरणावरून.' आणि तिसरीतला शेरा शब्द न् शब्द उतरवला. मग पाच. सहाच्या तळाशी लिहिलं, 'ही पानं मी काढली होती. मुलीचा दोष नाही.' सही, तारीख.

इतक्या उशिराचा कागद डॉक्टरीणबाई मानतील की नाही, कोण जाणे. दुसरी फी श्यामकांत भरणार आहेत. वृंदाच्या तीन महिन्यांतले नऊ दिवस उरलेत. एवढंच सांगते, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर न आवडलेलं पान काढण्याआधी जरा

"बाबा, कॅब आली. फाइल घेतली ना? चला."

आले गं, आले. तर काय सांगत होते, ते पान काढण्याआधी त्या लेकराला एकदा