हजेरीची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. नळदुर्गच्या किल्ल्यातली नव्हे हं, जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेतली! शंभुलिंग सुताराने जुन्या दाराच्या सागवानातून मला घडवलं आणि माझ्या छातीवर पितळी अक्षरं ठोकली : ‘पूर्ण हजेरी’.

आठवडाभर ज्या वर्गात एकही मूल गैरहजर नसे, त्या वर्गात शनिवारी मला मिरवत नेत. सहावीच्या मुलांनी तर पावसाळाभर मला दुसरीकडे जाऊच दिलं नाही. ती मला खोबरेल लावून चमकवत. पाहुणे आले की मुख्याध्यापक आधी मला दाखवत. मी अगदी हवेत होते.

हिवाळ्यात एका सकाळी सहावीतली शिवांजली गालांभोवती घट्ट मफलर गुंडाळून आली. शेजारी बसणाऱ्या बजरंगने तो गमतीने ओढला, तर गाल टम्म सुजलेला.

“अगं, अंग तापलंय की तुझं! घरी जा.”

“गप. आई बी नको म्हणत होती. पण मी न्हाय आले तर ढाल सातवीला जाईल. बाईंना सांगू नको.”

बजरंगने सांगितलं नाही. उलट आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं, मग स्वतःही प्यायला. वर्गशिक्षिका नंदाबाई सगळे हजर पाहून खूश झाल्या. थंडीत मफलरकडे कोण बघतं? शनिवारी मी तिथेच राहिले आणि टाळ्या वाजल्या.

पुढे वर्गात गालगुंडाची साथ पसरली. बाकं ओस पडली. मुलं बरी होऊन परतली, बजरंगही परतला. पण त्या आजारामुळे त्याला उजव्या कानाने ऐकू येईना. शिवांजलीने दोनतीनदा हाक मारली, तेव्हा कुठे तो वळला.

“ह्या बाजूनं बोल गं. तिकडनं काय बी कळत न्हाय.”

त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

मफलरची गोष्ट कळल्यावर नंदाबाईंनी मला खाली उतरवलं. “आजारी लेकरू घरी राहिलं की आपणच त्याला नावं ठेवली. लई चुकलं, सर,” त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. आता आजारपणाचा निरोप आला की ती गैरहजेरी धरत नाहीत. नळापाशी साबण असतो. मी पुन्हा भिंतीवर आहे, पण मला तेल लावायला शिवांजली येत नाही.

मित्रांनो, लाकडाला तोंड असतं तर त्या सकाळी मी ओरडले असते. ताप आला, गाल सुजला, तर घरी राहा. बाईंना खरं सांगा. मी एका शनिवारी गेले तरी पुढच्या शनिवारी परत येते. बजरंगचा कान परत आला नाही.