एका सुरातलं चाक

या, असे जरा जवळ सरकून बसा. मागे बसलं की निम्मं कीर्तन भिंतीच ऐकतात, आणि आपल्या वाट्याला नुसत्या टाळ्या येतात. गोष्ट एका चाकाची आहे. लांबवणार नाही, पण मधेच उठायचं नाही, एवढं कबूल करा.

लक्ष्मीकांतअण्णांनी चाकाची तार छेडली. डाव्या हातानं पेटीचा भाता हलवत उजव्यानं काळी दोन दाबून धरली आणि डोळे मिटून दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तार जराशी उतरलेली होती. पेटी सोडून त्यांनी चाबी घेतली, पाव आटा दिला, पुन्हा छेडली.

"हां. आली."

आणि पुढच्या तारेकडे वळले. दोन स्टुलांवर आस टेकवून चाक त्यांनी मधे उभं केलं होतं. बत्तीस तारांपैकी एकोणीस झाल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी कीर्तनकारांच्या डाव्या हाताला बसून पेटीची साथ केली होती. ग्वाल्हेरातल्या कुणाची पेटी बेसूर झाली तर सूर अजूनही तेच लावून देत. सायकलच्या चाकाचे सूर लावायला मात्र त्यांना चौऱ्याहत्तरावं वर्ष उजाडावं लागलं.

चाक त्यांच्या लेकीचं, उन्नतीचं. तिची ती बारीक टायरांची, खाली वाकून चालवायची सायकल. मागच्या महिन्यात तिघऱ्याच्या धरणाकडून परतताना मागच्या चाकाची एक तार तुटली, आठवड्यानं दुसरी, मग तिसरी. चाक डुलायला लागलं. सिटी सेंटरच्या मोठ्या दुकानातला माणूस म्हणाला, हे आता होणार नाही, दिल्लीहून नवं चाक मागवू. उन्नती 'बघू' म्हणाली आणि तिनं सायकल बाल्कनीत उभी करून तिच्यावर जुनी चादर टाकली.

ती चादर अण्णांना सलत होती.

त्याचं असं होतं. तीन वर्षांपूर्वी अण्णांची पत्नी गेली, तेव्हा मुलांनी एक रीत घातली. एक महिना अण्णा उन्नतीकडे सिटी सेंटरला, पुढचा महिना धाकट्या मुलाकडे, पुष्करकडे, नया बाजारात. बरोबर अर्धं अर्धं. हट्ट उन्नतीचाच होता. "मी मुलगी म्हणून माझा वाटा कमी का?" असं तिनं बाराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं होतं. अण्णांची छाती भरून आली होती. नातेवाईक अजून हे उदाहरण लग्नकार्यात सांगतात.

पण महिनाअखेरीला बॅग भरायची, तीन माळे उतरायचे, पेटी मांडीवर घेऊन ई-रिक्षात बसायचं. नव्या गादीत झोप जरा मुरायला लागली की महिना संपे. पुष्करकडे पहाटे उठून अण्णा दार डावीकडे चाचपायचे. ते असायचं उजवीकडे. इथे उन्नतीकडे ते दिवसभर एकटे. तिचा नवरा समरजीत नोकरीनं भोपाळला, ती बँकेत. संध्याकाळी सात वाजता ती माळे चढून यायची ती दाराशीच क्षणभर भिंतीला टेकायची. पूर्वी पहाटे तासभर सायकल मारून यायची. तेवढाच तिचा स्वतःचा वेळ. गेल्या हिवाळ्यात ती बाहेर गेलेली असताना अण्णा न्हाणीत पडले. तेव्हापासून अण्णांच्या महिन्यात तिनं पहाटेचं जाणं सोडलं होतं.

हे थांबावं, असं दोघांनाही वाटत होतं. दोघांपैकी कुणाच्याही तोंडून ते निघत नव्हतं.

बोलता येईना, निदान तिची सायकल तरी सुरू व्हावी, म्हणून अण्णांनी चाक उचललं होतं. गोरखीत दौलतसिंहाचं जुनं सायकलचं दुकान आहे, तिथे नेलं. दौलतसिंहानं गियरांची चकती उतरवून तीन नव्या तारा ओवून दिल्या आणि म्हणाला, "कसाई परसों होगी, अण्णा. मेरे साले की लडकी की शादी है."

परवा म्हणजे महिना संपलाच. तारा कसायचं काम मीच करतो म्हणून अण्णांनी त्याच्याकडून चाबी मागून आणली.

दोन दुपारी गेल्या. शनिवारी चार वाजता बत्तिसावी तार काळी दोनला मिळाली. अण्णांनी अंगठा फिरवला. सगळं चाक एका सुरात झणकारलं. गिरकी दिली तर डुलणं नाही, हेलकावा नाही. त्यांनी नकळत चाकाला नमस्कार केला.

उन्नती आली, तेव्हा ते दारातच उभे होते.

"चप्पल नंतर काढ. बाल्कनीत चल."

"अण्णा, पाणी तर पिऊ द्या हो. लिफ्ट आजपण खराब आहे."

मग तिनं चाक पाहिलं. गिरकी देऊन पाहिलं. ओढणीनं कपाळाचा घाम पुसला आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून सायकल उलटी केली. चाक बसवलं, साखळी चढवली, फिरवलं.

खर्र, खर्र, खर्र.

टायर डाव्या दांडीला घासत होतं. तिनं आस सैल करून पुन्हा बसवली. खर्र, खर्र.

"तुझ्या सायकलची दांडीच वाकडी असेल," अण्णा म्हणाले.

"असेल," उन्नती म्हणाली. तिला वाद घालायचंही त्राण नव्हतं. "उद्या रविवार आहे. दौलतसिंहाकडे जाऊ."

दौलतसिंहानं चाक आपल्या शिकंज्यात अडकवलं आणि एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं तारांवर नख ओढलं. मग त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"ये किस गवैये का काम है?"

"माझं," अण्णा म्हणाले.

"वाह! अण्णा, इस पर भजन गाओ. चलाओ मत."

बाकावर चहा पीत बसलेलं एक गिऱ्हाईक हसलं. उन्नतीलाही हसू आलं; कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून जरा वेडंवाकडं आलं. अण्णा हसले नाहीत.

"चूक काय झाली ते सांग. एकही तार उतरलेली नाही."

"वही तो गलती है." दौलतसिंहानं तारांकडे बोट दाखवलं. "इधर देखो. दाईं तरफ गियर बैठा है, जगह खा गया. तो इधर की तीलियाँ खडी हैं, बिलकुल सीधी. बाईं तरफ खुली जगह है, तिरछी फैली हैं. तिरछी वाली जरा-सा खींचे, तो भी पहिया अपनी ओर ले जाए. दोनों को बराबर कस दोगे, तो पहिया बीच में नहीं रहेगा. बाईं को ढीला रखना पडता है. दाईं को कसके."

"म्हणजे दोन सूर?"

"दो सुर. उसके बिना पहिया बीच में आता ही नहीं." त्यानं चाबी फिरवायला सुरुवात केली. "और टूटती भी दाईं वाली हैं. देखना, ये तीनों उधर की ही थीं. अब किस्मत है उनकी."

डाव्या बाजूच्या तारा एकेक करून उतरू लागल्या. आपण दोन दुपारी खपून लावलेला सूर असा ढळताना अण्णा ऐकत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण नव्हती. बुवांनी निरूपणात एखादा दृष्टांत द्यावा आणि साथ करता करता तो आपल्यालाच लागू व्हावा, तसे ते स्तब्ध झाले होते.

परतताना रिक्षात त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरलं होतं. पाटणकर बाजार ओलांडल्यावर ते म्हणाले,

"उन्ने, मी आता पुष्करकडेच राहतो."

"आजच जायचंय ना तुम्हाला. संध्याकाळी सोडते."

"आजचं नाही. कायमचं म्हणतोय."

उन्नतीनं मान वळवली. "माझं काही चुकलं का?"

"चुकलं काहीच नाही. तिकडे खालचं घर आहे. मंदिर चार पावलांवर. कीर्तनाला मला कुणी नेऊन सोडायला नको." ते थांबले. "सारखं म्हणजे बरोबर, असं मी धरून चाललो होतो. तूही धरून चाललीस. तू एकादशीला येत जा. भेटत जा. तेवढं पुष्कळ आहे."

"लोक काय म्हणतील? मुलीनं तीन वर्षांत हात टेकले."

"लोकांना मी सांगेन ना, माझेच गुडघे म्हणून."

रिक्षा खड्ड्यातून गेली. उन्नतीनं डोळ्यांवर हात धरला. ऊन समोरून येत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिचे खांदे खाली आले, आणि ते खाली आलेले अण्णांना दिसले. म्हणून ते दुसरीकडे बघायला लागले.

घरी आल्यावर तिनं बॅग काढली. एरवी पुढच्या पाळीसाठी कपाटात राहणाऱ्या वस्तू, स्वेटर, कानटोपी, पाठ शेकायची पिशवी, या वेळी बॅगेत गेल्या. अण्णा खुर्चीत बसून सांगत होते, ती भरत होती. दोघंही हलकी झाली होती. मधेच ती थांबली.

"अण्णा, तन्वीला सांगितलंत?"

तन्वी म्हणजे पुष्करची बायको.

"पुष्कर नाही कशाला म्हणेल?"

"पुष्कर नाही हो. तन्वी."

तिनं फोन लावला.

पलीकडे पोरांचा कल्ला होता. सतराचा पाढा चालला होता, हिंदीतून, पंधरा-वीस गळ्यांनी. तन्वी घरी शिकवण्या घेते, हे उन्नतीला ठाऊक होतं. कोणत्या खोलीत घेते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"बोला ताई. निघालात का? खिचडी टाकलीय त्यांच्यासाठी."

"निघतोच आहोत. तन्वी, अण्णा म्हणतायत, आता तुमच्याकडेच राहतो. म्हणजे महिन्यापुरतं नाही."

"ए, चुप बैठो दो मिनट!" तन्वी पोरांना म्हणाली. पाढा थांबला. मग फोनमध्ये काहीच ऐकू येईना, इतका वेळ, की कट झाला का म्हणून उन्नतीनं फोनच्या पडद्याकडे बघून घेतलं.

"बरं," तन्वी म्हणाली.

"तुला चालेल ना?"

"हो ना. बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट लागली की मुलांना मी आत ओट्यापाशी घेते. एक महिना तसंच करतो आम्ही. आता रोजचं करायचं." तिनं श्वास घेतला. "लहान चार-पाच जणांना कमी करावं लागेल. कूकर असतो ना गॅसवर. ते बघते मी. त्यांच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात तेवढं बघून द्या."

"देते."

"आणि ताई, विचारलंत, बरं केलंत."

फोन बंद झाला. उन्नती तो कानाला तसाच धरून उभी होती.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

"बरं म्हणाली."

"गुणी पोर आहे," अण्णा म्हणाले आणि समाधानानं त्यांनी डोळे मिटले.

उन्नतीनं गोळ्यांची पाकिटं काढली. मोजायला लागली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

झाली गोष्ट. अण्णांची पेटी अजून सुरेल वाजते, मंदिरात जाल तर भेटतील. उन्नती पहाटे धरणाकडे जाते. चाक नीट चालतं. आता घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल, सगळ्यांचं भलं मागाल, तेव्हा आणखी एक नाव घ्या. एवढंच मागणं आहे. तन्वीचं नाव घ्या.