टेबलावरची गावं

विल्फ्रीड आजोबांनी मिठाची बाटली उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "हे निडरआउ."

मग मिरपुडीची बाटली तिच्यापासून वीतभर लांब सरकली. ते ओबरआउ. चुरगळलेला नॅपकिन म्हणजे टेकडी, काटा म्हणजे रस्ता. श्रीखंडाच्या रिकाम्या वाट्या पालथ्या पडल्या आणि त्यांचीही गावं झाली. रत्नाबाईंनी खास आजच्यासाठी काढलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर केशरी वर्तुळं उमटली. डॉक्टर गुरुनाथ जहागीरदार खुर्चीला टेकून हे सगळं बघत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना भूल दिली होती. आज जेवणानंतरच्या पाऊण तासात या जर्मन म्हाताऱ्याने औषधाशिवाय तेच काम केलं होतं.

"सगळी मिळून सात गावं," विल्फ्रीड म्हणाले. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, पण स्वच्छ. "बहात्तर साली सरकारने सातांची मिळून एक नगरपालिका केली. नाव काय द्यायचं, यावर दोन वर्षं भांडण. शेवटी सातांपैकी एकाचंही नाव नको असं ठरलं आणि नवंच नाव तयार केलं. ते आजही कोणी उच्चारत नाही."

"लोकसंख्या किती?" गुरुनाथांनी विचारलं.

"सातांची मिळून तीन हजार."

"आमच्या पार्ल्यात दोन गल्ल्यांत एवढे लोक राहतात," ते रत्नाबाईंकडे वळून मराठीत म्हणाले. "आणि याने त्यावर सहाशे पानं लिहिलीत."

ते सहाशे पानांचं पुस्तक सोफ्यावर पडलं होतं. आल्या आल्या विल्फ्रीडनी ते दोन्ही हातांनी गुरुनाथांना दिलं होतं. पुस्तक जर्मनमध्ये होतं, त्यामुळे गुरुनाथांना ते वाचण्याची भीती नव्हती.

गुरुनाथांचा मुलगा ईशान आणि लेना यांचं लग्न ऑगस्टमध्ये होतं. लेना मिलवॉकीची, तिची आई लग्न करून अमेरिकेत आलेली आणि हे आईचे वडील, निवृत्त हेडमास्तर, लग्नासाठी दोन महिने आधीच येऊन बसलेले. त्यांच्या देशात फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता आणि हा गृहस्थ तो सोडून इथे आला, यातच त्याची अक्कल दिसते, असं गुरुनाथांनी सकाळीच जाहीर केलं होतं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून मिठाई आणायची की नाही यावरही त्यांनी असंच मत दिलं होतं. बटाटा खाऊन वाढलेल्या माणसाला काजूकतलीतलं काय कळणार.

शिवाय आल्याबरोबर म्हाताऱ्याने शिकागोजवळच्या या त्यांच्या गावाच्या नावाचा उच्चार दुरुस्त केला होता. शॉमबर्ग नव्हे, शाउमबुर्ग. दीडशे वर्षांपूर्वी इथे नांगर धरणारे शेतकरी त्याच नावाच्या मुलखातून आले होते म्हणे. गुरुनाथ या गावात सत्तावीस वर्षं राहत होते. इथला मॉल आणि टोलरोड सोडून या गावाला काही भूतकाळ असेल अशी शंकाही त्यांना कधी आली नव्हती. आता ती शंका एका पाहुण्याने आणून दिली, हे त्यांना अजिबात आवडलं नव्हतं.

"प्रत्येक गावात एक सार्वजनिक भट्टी असायची," विल्फ्रीड सांगत होते. "पाव भाजायला. आधी नंबर कोणाचा, त्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या. कारण थंड भट्टी तापवायची तर लाकडं जास्त जाळावी लागत. आणि घरापुढे शेणखताचा ढीग. ज्याचा ढीग मोठा, त्याची मुलगी आधी खपायची."

लेना हसली. ईशानही हसला.

"शेणाचा इतिहास," गुरुनाथ मराठीत म्हणाले.

"अहो," रत्नाबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना कळत नाही, पण ईशानला कळतं."

"कळू दे की."

त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. हा माणूस असाच बोलत राहिला तर चहा होईपर्यंत सातही गावांच्या गाईम्हशी मोजून होतील, असं त्यांना वाटलं. त्याला थांबवायचा एक उपाय मात्र होता. कोणत्याही जर्मनाला थांबवता येतं. ते पुढे वाकले आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटशी बोलत त्या मऊ आवाजात त्यांनी इंग्रजीत विचारलं,

"तुमच्या त्या सहाशे पानांत एकोणीसशे तेहेतीस ते पंचेचाळीस या काळाला किती पानं दिलीत?"

लेनाने ईशानकडे पाहिलं. विल्फ्रीडनी मात्र प्रश्नाची वाटच बघत असल्यासारखी मान हलवली आणि एका पालथ्या वाटीवर बोट ठेवलं.

"हे हेलमरोड. माझं गाव. इथे पाच ज्यू कुटुंबं होती. त्यातलं एक गुरांच्या व्यापाऱ्याचं. चर्चच्या समोरचं घर त्यांचं. अडतीस साली त्यांना जावं लागलं. घराचा लिलाव झाला आणि ते माझ्या वडिलांनी घेतलं." ते थांबले. "मी त्याच घरात जन्मलो. वरच्या खोलीत. दाराच्या चौकटीवर एक तिरकी खाच होती. मी पन्नाशीला आलो तेव्हा मला कळलं, ज्यू लोक दारावर प्रार्थनेची डबी लावतात, तिची ती खूण."

त्यांनी वाटीवरचं बोट उचललं.

"ते मी छापलं. भावाने बोलणं टाकलं. माझी बायको गेली तेव्हा तो स्मशानात आला नाही. दोन घरं सोडून राहतो."

गुरुनाथ मागे रेलले. त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटलं. माणसाने जरा कावरंबावरं व्हावं, विषय बदलावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. हा तर आपणच सगळं उघडून बसला.

"आता कबूल करायला काय जातं," ते रत्नाबाईंना म्हणाले. त्या अजून पालथ्या वाटीकडेच बघत होत्या.

विल्फ्रीडनी मात्र मिठाची बाटली, मिरपूड, काटा, सगळं गोळा करून बाजूला केलं. वाट्या सुलट्या केल्या आणि गुरुनाथांच्या पुढ्यात ढकलल्या.

"आता तुमचं गाव," ते म्हणाले.

"माझं? मी मुंबईत शिकलो. पार्ल्याला..."

"त्याआधीचं. लेना म्हणते, तुमचं घराणं एका गावात खूप जुनं आहे."

हे खरं होतं आणि ते सांगायला गुरुनाथांना कधीच कंटाळा नसायचा. मंडळाच्या गणपतीत नवे आलेले आयटीवाले भेटले की ते त्यांना एकदा तरी सनद, जहागीर आणि घोड्याचा मान यातून फिरवून आणत. त्यांनी मोठी वाटी उचलली.

"हे आमचं बोरवंड. सातारा जिल्हा. हे देऊळ, आमच्या पूर्वजांनी बांधलेलं." वाटी टेबलावर बसली. "हे आमचं घर. ही शाळा, ती पण आमच्या जागेत. ही इतर वस्ती, शेतकरी वगैरे." त्यांनी चमचे, पेला, काजूकतलीचा डबा वापरत गाव वसवलं. शेवटी पळी आडवी ठेवली. "हा ओढा. इथे गाव संपलं. नीटनेटकं गाव. तुमच्यासारखी शेणावरून मोजदाद नव्हती आमच्याकडे."

"सुंदर," विल्फ्रीड म्हणाले. ते खरोखरच वाकून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मेलेली गुरं कोण न्यायचं?"

"काय?"

"आमच्याकडे त्यासाठी एक कुटुंब होतं. कातडी काढणारं. त्यांचं घर गावाबाहेर, जंगलाच्या कडेला. खानावळीत त्यांचा बिअरचा मग वेगळा, चर्चमध्ये त्यांचा बाक शेवटचा. सातही गावांना ते एकच कुटुंब, आणि सातही गावं म्हणायची की ते आमच्यातले नव्हेत." त्यांनी टेबलावर नजर फिरवली. "मी गावाचा नकाशा बघतो तेव्हा आधी ते घर शोधतो. तुमच्याकडे ते कुठे होतं?"

"आमच्याकडे तसं काही नव्हतं," गुरुनाथ म्हणाले.

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की त्यांना स्वतःलाही ते खोटं वाटलं नाही. ते काजूकतलीच्या डब्याकडे हात नेत होते तेवढ्यात रत्नाबाई उठल्या. त्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उचललं आणि पळीच्या पलीकडे, टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं.

"हे राहिलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"रत्ना, काहीतरी काय."

"मी लग्न होऊन आले तेव्हा तीन महिने त्या घरात होते." त्या गुरुनाथांशी नाही, विल्फ्रीडशी बोलत होत्या. आयुष्यभर त्यांना पाहुण्यांपुढे इंग्रजी बोलायचा संकोच होता; आता त्या शब्द शोधत होत्या, पण थांबत नव्हत्या. "आमच्या विहिरीपाशी एक बाई रोज घागर घेऊन उभी राहायची. लांब. कोणी पाणी ओतलं तर ओतलं. उन्हात तासन् तास. एकदा मी ओतायला गेले, तर सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि माझ्याकडून परत आंघोळ करून घेतली. ती बाई झाकणातून यायची. म्हणजे, इथून." त्यांनी झाकणावर बोट ठेवलं आणि मग हात मागे घेतला.

"तो काळ वेगळा होता," गुरुनाथ म्हणाले. "आता सगळं बदललंय. कायदा आहे. आणि मी स्वतः हॉस्पिटलमध्ये कोणाची जात विचारून भूल दिली नाही."

"बाबा," ईशान म्हणाला.

तो मघापासून पळीकडे बघत होता. त्याने पळीच्या दांड्यावर बोट ठेवलं, जरा अलीकडे, मग जरा पलीकडे.

"उल्काला तुम्ही हेच विचारलं होतं."

गुरुनाथांना आधी नाव आठवलंच नाही, असं त्यांनी दाखवलं. पण उल्का मेश्राम याच टेबलावर बसली होती. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. नागपूरची मुलगी, शिकागोत एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायची. ईशानने तिला घरी जेवायला आणलं होतं आणि तिने रत्नाबाईंसाठी संत्र्याची बर्फी आणली होती. गुरुनाथ त्या दिवशी फार गोड बोलले होते. मेश्राम म्हणजे मूळचे कुठले, वडील काय करतात, गाव कुठलं. आणि मग हसत हसत, गावात घर कुठे, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?

इलिनॉयमध्ये जन्मलेल्या ईशानला तो भूगोल वाटला होता.

"पलीकडे, काका," ती म्हणाली होती. तिने जेवण पूर्ण केलं. भात मागून घेतला. नंतर रत्नाबाई नको नको म्हणत असताना आपलं ताट आणि पेला धुतला आणि बाकीच्या भांड्यांपासून दूर, ओट्याच्या टोकाला उपडा घातला. पुढच्या आठवड्यात तिने ईशानचे फोन घेणं बंद केलं.

"ती म्हणाली, तुझ्या वडिलांना विचार," ईशान इंग्रजीत सांगत होता, म्हणजे तो ते सगळ्यांनाच सांगत होता. "मी विचारलं. तुम्ही म्हणालात, मी फक्त तिचं घर कुठे ते विचारलं. मी तीन वर्षं हेच समजत होतो, की माझंच काहीतरी चुकलं."

लेनाने टेबलावर सांडलेली मिठाची कणी बोटाने टिपली आणि बशीच्या कडेला लावली.

"हे आत्ता काढायची वेळ आहे का?" गुरुनाथ मराठीत म्हणाले. "परक्या लोकांसमोर?"

"परके कोण?" ईशानने विचारलं. तेही मराठीत, आणि त्याचे उच्चार नेहमीसारखे अडखळले नाहीत.

गुरुनाथांनी रत्नाबाईंकडे पाहिलं. एरवी अशा वेळी त्या चहा करायला उठत. आज त्या जागच्या हलल्या नाहीत. विल्फ्रीडना शेवटची वाक्यं कळली नव्हती. कोणाचं काय मोडलं, कोण ती मुलगी, हेही त्यांना नीट लागलं नसावं. आणि ते विचारण्याइतके ते उतावीळ नव्हते. त्यांचं लक्ष टेबलाच्या कडेच्या झाकणाकडे होतं. हेडमास्तर फळ्यावरचं अपुरं उदाहरण बघतात तसे ते बघत होते.

"याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"या वस्तीचं."

"वेगळं नाव नव्हतं. गावाचाच भाग तो."

"पण तो तुम्ही ठेवला नव्हता." विल्फ्रीडच्या आवाजात आरोप नव्हता. "लोक काहीतरी म्हणतच असतील. तुम्ही लहान होता, तिकडे कोणाला तरी निरोप द्यायला पाठवायचं, तर घरचे काय म्हणायचे? जा, कुठे जा?"

तो शब्द गुरुनाथांनी या घरात कधी उच्चारला नव्हता. तो उच्चारण्याची गरज नसायची. ओढा म्हटलं की काम व्हायचं. समोर ईशान दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता, लहानपणी गोष्ट ऐकायला बसायचा तसा, पण आता त्याच्या चेहऱ्यावर ऐकण्याची ती खुशी नव्हती.

"महारवाडा," ते म्हणाले. आवाज बराच खाली गेला होता.

विल्फ्रीडनी डावा कान पुढे केला. त्यांना त्या बाजूने बरं ऐकू यायचं.

"माफ करा," ते अदबीने म्हणाले. "परत एकदा सांगाल? जरा सावकाश."