मी मधोमधच उभी होते

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलाच्या कडेला स्क्रूंनी आवळून बसवलेली काळी दांडी दिसतेय ना? जिच्या मुठीवरचं रबर अंगठ्याच्या जागी अगदी गुळगुळीत झालंय? तीच मी. मी एक जुनी जॉयस्टिक आहे. तुम्ही म्हणाल, खेळण्याची दांडी ती, तिला कसलं आलंय आयुष्य! तर मग ऐकाच.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक स्प्रिंग बसवली गेली. तिचं काम एवढंच, की मला कुणी कुठेही ढकललं तरी सोडल्याबरोबर मधोमध आणून उभं करायचं. तपासणाऱ्या बाईंनी मला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे वाकवलं आणि सोडलं. मी टुणकन सरळ! "गुणाची आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि मला खोक्यात भरलं. खोक्यात अंधार होता, पण मी नुसती फुगले होते.

पहिल्या घरी एका मुलाने माझ्याकडून मोटारींच्या शर्यती खेळून घेतल्या. तो जिंकला की स्वतःची पाठ थोपटायचा. हरला की मला थोपटायचा, तेही मुठीने! मग त्याचा खेळ बदलला आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. माझीच वायर माझ्या गळ्याभोवती गुंडाळलेली, अंगावर मेलेले चार्जर आणि झाकण नसलेली पेनं. ड्रॉवर उघडला की वाटायचं, आली आपली वेळ. पण हात यायचा तो सेलोटेप शोधायला.

तिथून मी जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि एके दिवशी एका बाईने मला उचललं, वाकवलं, सोडलं आणि दुकानातच ओरडली, "अय्या, काय सरळ उभी राहते!"

ही बाई चष्म्याच्या दुकानात काम करायची. जुन्या लढाऊ विमानांचं तिला भयंकर वेड. एका पंख्याची, धूर ओकणारी, वैमानिकाला घाम फोडणारी विमानं. कॉम्प्युटरवर ती हुबेहूब उडवता येतात. पण मला तिने स्वतःसाठी आणलं नव्हतं. आणलं होतं वहिनीसाठी.

वहिनी म्हणजे तिच्या भावाची बायको. भाऊ दूरच्या बंदरावर नोकरीला, घरात या दोघीच. वहिनी क्रेन चालवायची. उंच इमारतींच्या बांधकामावरची, आभाळात जाऊन बसायची ती क्रेन. घराच्या जिन्यात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. (रोज आभाळात चढणारी बाई, पडली कुठे तर तळमजल्याच्या जिन्यात! नणंदेने यावरून तिला सळो की पळो करून सोडलं होतं.) प्लास्टर निघालं की मनगट हलतं ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"रबराचा चेंडू दाबत बसण्यापेक्षा विमान उडव," नणंद म्हणाली.

"वन्सं, मी लोखंड उचलते. मला खेळणी काय देता?" नणंदेला चिडवायचं असलं की वहिनी तिला असं जुन्या पद्धतीने वन्सं म्हणायची.

"खेळणं? विमान सांभाळायला कॉम्प्युटर करतो त्या सगळ्या मदती बंद करून देते. मग बघ, घाम फुटतो की नाही!"

आणि मला टेबलाला आवळलं गेलं. प्लास्टर निघायला अजून आठवडा होता, पण नणंदेला कुठला धीर! तिने माझं कॅलिब्रेशन करायला घेतलं. कॅलिब्रेशन म्हणजे माझी मधली जागा, माझं शून्य कुठे आहे, ते कॉम्प्युटरला शिकवायचं. पडद्यावर सूचना आली, दांडी मोकळी सोडा. नणंदेने हात काढला. पण टेबलाशी रेलून बसलेल्या वहिनीचं जडशीळ प्लास्टर माझ्या अंगाला टेकलं होतं! त्याच्या भाराने मी जराशी उजवीकडे कलले होते. जराशीच. डोळ्यांना दिसणार नाही इतकी.

नणंदेने बटण दाबलं. "झालं!"

मित्रांनो, झालं ते इथेच झालं. त्या क्षणी कॉम्प्युटरने माझी ती कललेली जागाच सरळ म्हणून लिहून घेतली. प्लास्टर बाजूला झालं, स्प्रिंगने मला मधोमध आणलं, आणि तेव्हापासून मी सरळ उभी राहिले की कॉम्प्युटरला वाटायचं, मी डावीकडे झुकलेय. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे? खाली शिकंजा आवळलेला, वर कुणाचा तरी हात, आणि बोलायला एक वायर. त्या वायरीतून मी खरं पाठवायचे आणि पलीकडे ते खोटं होऊन पोचायचं. ड्रॉवर परवडला, असं वाटायला लागलं. तिथे निदान मला कुणी काही विचारत नव्हतं.

प्लास्टर निघालं. वहिनीचा हात बारीक, पांढुरका झाला होता. तिने मला धरलं आणि विमान धावपट्टीवरून निघालं ते डावीकडच्या गवतात जाऊन नाकावर पडलं.

"असंच असतं गं," नणंद खुशीत म्हणाली. "त्या विमानांचा पंखा इतका जोरात फिरायचा की विमान डावीकडे ओढायचं. खरं ते खरं! नवे पोरगे तर रडकुंडीला यायचे."

हे खरंच होतं, तीच तर पंचाईत! खऱ्या ओढीच्या मागे माझी खोटी ओढ अशी लपली की कुणाला शंकाही आली नाही. नणंदेने शब्दाप्रमाणे सगळ्या मदती बंद ठेवल्या होत्या. "उजवीकडे दाब," ती सांगायची. वहिनी दाबायची. जास्त व्हायचं. सोडायची, की पुन्हा डावीकडे. तिची बोटं माझ्यावर पांढरी पडायची. रोज संध्याकाळी विमान कुठे ना कुठे आपटायचंच, आणि मग ती पडद्याकडे न बघता आपल्या मनगटाकडे बघत बसायची.

"वहिनी, अगं खेळ आहे तो."

"तुझ्यासाठी खेळ आहे," वहिनी म्हणाली. "क्रेनवर अशीच दांडी असते. खाली माणसं उभी असतात, वर मान करून. ज्या हाताला सरळ म्हणजे काय ते कळत नाही, त्या हाताखाली मी माणसं उभी करू?"

नणंदेने कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या साहेबांचा फोन आला. फोन टेबलावरच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सोमवारी हाताची चाचणी द्या आणि क्रेनवर चढा. जमणार नसेल तर गेटवर बसा, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघा. आज सांगा, म्हणजे दुसरा माणूस बघता येईल.

"संध्याकाळपर्यंत सांगते," वहिनी म्हणाली. फोन ठेवला आणि नणंदेला म्हणाली, "गेट काही वाईट नाही. सावली असते."

"तुला सावली आवडत नाही."

"आवडून घेईन."

काय सांगू तुम्हाला! हात चांगला होता. रोज तो माझ्या अंगावर असायचा, माझ्याइतकं कुणाला कळणार? मी ज्या खोटेपणात अडकले होते, त्यात आता तीही अडकत चालली होती. आणि मी काय करू शकत होते? सरळ उभी राहू शकत होते. तेच करत होते, आणि तेच चुकीचं ठरत होतं!

"फोन करायच्या आधी शेवटचं एकदा उडव," नणंद म्हणाली. "माझ्यासाठी."

वहिनीने नाइलाजाने मला धरलं. उड्डाण वेडंवाकडं का होईना, झालं. पण नणंदेने मनाच्या घालमेलीत टाकीत पुरेसं पेट्रोलच भरलं नव्हतं. ढगांच्या वर गेल्यावर इंजिन खोकलं, गचके खाल्ले आणि बंद पडलं. पंखा थांबला. खोलीत एकदम शांतता. फक्त वाऱ्याचा आवाज.

"घाबरू नकोस, तरंगत खाली ये," नणंद पुढे सरकली. "उजवीकडे शेत आहे, तिकडे ने. उजवीकडे गं! डावीकडे कशाला नेतेस?"

"मी नेत नाहीये. ओढतंय."

"ओढेल कसं? पंखा..." नणंद थांबली. "वहिनी, पंखा बंद आहे. मग ओढतंय कोण?"

"माझा हात! दुसरं कोण?" वहिनीचा आवाज फाटला. "हेच ऐकायचं होतं ना तुला? घे, काढला हात!"

तिने हात काढून मांडीखाली दाबला.

मी टुणकन मधोमध आले. आणि विमान, कुणाचाही हात नसताना, आणखीच डावीकडे वळायला लागलं.

दोघी बघत राहिल्या. मग वहिनी हळूच वाकली. तिचा गाल टेबलाला लागला, एक डोळा मिटला. उभा केलेला खांब ओळंब्यात आहे का, ते बघतात तसं तिने मला निरखलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणीच बघितलं नव्हतं.

"ही सरळ आहे," ती म्हणाली. "पडदा म्हणतोय डावीकडे. वन्सं, शून्य घेताना हिला काय टेकलं होतं?"

नणंदेने डोक्याला हात लावला. "तुझं प्लास्टर! अगं बाई, तुझं ते धोंड्यासारखं प्लास्टर!"

"आणि मी इतके दिवस माझ्या हाताला शिव्या घालतेय!"

"मला घाल ना. हव्या तेवढ्या घाल."

"घालणार आहे. जेवण झाल्यावर."

तेवढ्यात धडाम असा आवाज झाला. विमान शेताच्या कुंपणात घुसलं होतं. दोघींपैकी एकीचंही लक्ष नव्हतं.

नवीन शून्य घेताना दोघी पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून बसल्या होत्या. मग विमान निघालं. पंख्याची खरी ओढ होतीच. वहिनीने ती पेलली. हात अजून थरथरत होता, मी खोटं का सांगू? पण ती थरथर दोन्हीकडे सारखी होती, आणि ज्या हाताला मध्य माहीत आहे तोच असा थरथरतो.

तिने डाव्या हाताने साहेबांना फोन लावला, कारण उजवा माझ्यावर होता आणि विमान हवेत होतं. "सोमवारी येते. पण आधी रिकामा हुक द्या. खाली कुणी उभं राहणार नाही. हात बसला असं मला वाटलं, तरच वजन घेईन. नाही तर गेटवर बसेन, पण ते मी ठरवीन."

सोमवारी नणंद चष्म्याच्या दुकानातून लवकर आली आणि दिवा न लावता बसून राहिली. दार वाजलं. वहिनी आत आली, केसांत सिमेंटची धूळ.

"बोल ना गं!"

"सकाळभर रिकामा हुक." वहिनी खुर्चीत बसली. "दुपारी सळया. ठेवल्या जागेवर."

नणंदेने तिला धुळीसकट मिठी मारली.

आता वहिनी मला रविवारीच हात लावते. बाकी दिवस मी अशीच आवळलेली असते, मुठीवर धूळ साचते. फडक्याने पुसलंत तर बरं वाटेल, नाही असं नाही. पण मित्रांनो, मागायचं एकच आहे. एखादी वस्तू वाकडं वागतेय असं वाटलं, किंवा एखादं माणूस, किंवा तुमचा स्वतःचा हात, तर लगेच ड्रॉवरमध्ये टाकू नका. जरा वाका, एक डोळा मिटा आणि नीट बघा. आत कुणीतरी केव्हापासून सरळ उभं असेल आणि त्याला ते सांगता येत नसेल.